दोन्ही ओव्हरी नॉर्मल

माझ्या बायकोच्या शेवटच्या पाळीची तारीख मी चुकीची लिहिली. चांगली अठरा दिवसांनी चुकीची. आणि त्या अठरा दिवसांपायी, सहा वर्षं वाट पाहून एकदाचं राहिलेलं आमचं मूल आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी जाऊन काढून टाकणार होतो.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी बऱ्याच जणांच्या नावाने बोटं मोडणार आहे. मोडताना पहिलं बोट कुणाच्या नावाचं, ते वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं चांगलं.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत फॉर्म भरायचा म्हटला की तो माझ्याकडे येतो. रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचंय, मंडळाला मंडपाची परवानगी हवीय, बिल्डरचं संमतिपत्र आलंय, काहीही असो. लोक कागद घेऊन दारात उभे राहतात आणि मी खिशाचं पेन असं काढतो, जसा एखादा सर्जन सुरी काढेल. माझा एकच नियम, रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा रकाना दिसला की मला दातात खोबरं अडकल्यासारखं होतं. एका शेजाऱ्याच्या आईचं जन्मसाल मी असंच अंदाजाने टाकून दिलं, तर ती माउली कागदोपत्री स्वतःच्या थोरल्या मुलापेक्षा तीन वर्षांनी लहान झाली. ते दुरुस्त करायला तिचा मुलगा महिनाभर फेऱ्या घालत होता. चाळीत ते हसण्यावारी गेलं. मीही हसलो. सगळ्यात जास्त मीच हसलो.

दिवाळी आठवड्यावर आली होती. दादरच्या नर्सिंग होममधल्या डॉक्टरीणबाईंनी बायकोला तपासलं आणि सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर सेंटरचं नाव छापलेलंच होतं. मी विचारलं, "घराजवळ केली तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "तिथेच करा. दुसरीकडचे रिपोर्ट मी बघत नाही." मला ते फार आवडलं. म्हटलं, बाई पक्क्या आहेत, दर्जा बघतात.

सेंटर हिंदमाताला, साड्यांच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर. खाली अर्धी मुंबई साड्या उलगडत होती आणि वर पंधरा-वीस बायका दीड-दीड लिटर पाणी पिऊन मांड्या आवळून बसल्या होत्या. एसी फुल, रूम फ्रेशनरचा वास डोक्यात जाणारा. भिंतीवर गुटगुटीत गोऱ्या बाळाचं पोस्टर. कोपऱ्यात मिठाईचे आणि सुक्या मेव्याचे खोके छातीपर्यंत रचलेले, आणि प्रत्येक खोक्यावर एकेका डॉक्टरच्या नावाची चिठ्ठी. मी सवयीने चिठ्ठ्या वाचल्या. आमच्या डॉक्टरीणबाईंचा खोका चांगला दोन मजली होता. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, काय माणुसकी आहे, सगळ्यांची आठवण ठेवतात.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म बायकोसमोर धरला. बायकोने हात पुढे केला. मी मधेच घेतला.

नाव, पत्ता, वय, आधीची मुलं, सगळं मी मोत्यासारख्या अक्षरात भरलं. 'आधीच्या शस्त्रक्रिया' या रकान्यात तिचं लग्नाआधीचं ऑपरेशनही लिहिलं. एकोणिसाव्या वर्षी उजव्या ओव्हरीला पीळ बसला होता, ओव्हरीच काढावी लागली होती, वगैरे. जागा पुरली नाही म्हणून समासात लिहिलं. मग आला तो रकाना, शेवटच्या पाळीचा पहिला दिवस.

बायको दोन खुर्च्या सोडून बसली होती. विचारायला पाच सेकंद लागले असते. पण मधल्या खुर्च्यांवर दोन परके पुरुष बसले होते, आणि त्यांच्या डोक्यावरून 'अगं, तुझी पाळी कधी आली होती गं' असं विचारायला माझी जीभ रेटेना. अडतिसाव्या वर्षी, जन्मापासून मुंबईत राहून ही तऱ्हा. मग मी डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की जवळपास उभं राहू नये.

हिशोब असा केला. गणपतीला आम्ही गावी होतो. गौरी-गणपतीचे सगळे दिवस बायको सोवळ्यात, स्वयंपाकात, आरतीला सगळ्यात पुढे. आमच्या घरी या बाबतीत आई एक इंच मागे सरत नाही. पाळी असती तर बायको ओटीवर बाजूला बसलेली दिसली असती. म्हणजे पाळी गणपतीच्या आधीच येऊन गेली. शिवाय मला आठवलं की चतुर्थीच्या आठेक दिवस आधी ती एका संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून झोपली होती. झालं, पुरावा मिळाला. तारीख टाकली आणि खाली बोट ठेवून तिला म्हटलं, "इथे सही कर." तिला इतकी घाई लागली होती की मी तिथे आमच्या खोलीचं खरेदीखत ठेवलं असतं तरी तिने सही केली असती.

ती गरम पिशवी कोपऱ्यावरच्या पाणीपुरीची होती, हे मला नंतर कळलं.

आत काय झालं ते तिनेच मला सांगितलं. आधीच्या बाईच्या अंगाखालची चादर तशीच होती, मधे ओली. डॉक्टरने तोंड वर केलं नाही. पोटावर ते गार बुळबुळीत ओतलं, एका हाताने यंत्र फिरवलं, आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर कुणाला तरी फराळाचं सांगत होता, चकली कमी, शंकरपाळे जास्त. तीन मिनिटं. मग टाइप करणाऱ्याला दोन आकडे ओरडून सांगितले आणि हिला एक टिश्यू दिला. एकच. "ते सगळं एका कागदाने निघतं का?" ती मला विचारत होती. तिचा कुर्ता पोटापाशी चिकटला होता.

पंधरा मिनिटांत पाकीट हातात. संध्याकाळी नर्सिंग होम.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उभ्याउभ्या वाचला. "तारखेप्रमाणे आठ आठवडे एक दिवस. पिशवी दिसतेय साडेपाच आठवड्यांची. आत बाळाचे ठोके नाहीत. म्हणजे वाढ केव्हाच थांबलीय. साफ करावी लागेल. उद्या सकाळी सातला या, उपाशीपोटी. परवापासून माझा अर्धा स्टाफ सुट्टीवर जातोय, म्हणून उद्याच."

बायको म्हणाली, "परत एकदा बघता येईल?"

"बघून काय बदलणार? रिपोर्ट क्लिअर आहे."

"पण मला उलट्या होतायत अजून."

"त्या होतात काही दिवस. मन लावून घेऊ नका. अजून वय आहे तुमचं."

मी काय केलं? मी मान डोलावली आणि विचारलं, "मेडिक्लेमचा फॉर्म आज मिळेल का?"

घरी आल्यावर आईने आमच्या तोंडाकडे बघून गॅस बंद केला. दारात लावायचा कंदील तिने बाहेर काढून ठेवला होता, तो उचलून परत माळ्यावर टाकला. तिघंही बसलो. टीव्ही चालू करायचं कुणालाच सुचेना.

मग बायको म्हणाली, "तो रिपोर्ट वाचून दाखवा. सगळा. सुटलेली ओळ नको."

कुणी कागद वाचायला सांगितला की मला बरं वाटतं, अगदी अशा वेळीसुद्धा. मी चष्मा लावला आणि एकेका ओळीचा मराठीत अर्थ सांगत निघालो. गर्भाशय अमुक आकाराचं. आत एक पिशवी, तिचा व्यास तमुक. मूत्राशय भरलेलं. दोन्ही ओव्हरी आकाराने व रचनेने नॉर्मल.

"काय म्हणालात?"

"दोन्ही ओव्हरी नॉर्मल."

"परत वाचा."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना माझाच आवाज खाली गेला.

"मला उजवी नाहीये," ती म्हणाली. अगदी शांतपणे. "एकोणीस वर्षांची होते तेव्हा काढलीय. पोटावर एवढा व्रण आहे, त्याच्यावरूनच ते यंत्र फिरवत होता. जी वस्तू पोटात नाही ती त्याला नॉर्मल दिसली. मग जी आहे ती दिसली नाही, यात नवल काय?"

सकाळी सातला आपण हिला ज्या कागदाच्या भरवशावर टेबलावर झोपवणार होतो, तो कागद तिच्या पोटाचा नव्हताच. कुठल्या तरी सरसकट बाईचा होता.

"आणि वर काय लिहिलंय? ते आठ आठवडे कशावरून?"

मी वर बघितलं. शेवटची पाळी, आणि पुढे तारीख. मी ती वाचली.

तिने विचारलं, "ही तारीख कोणी दिली?"

मी हिशोब सांगायला सुरुवात केली. गणपती, सोवळं, आरती, गरम पिशवी. बोलता बोलता लक्षात आलं की ऐकणाऱ्या दोन्ही बायका एकमेकींकडे बघतायत.

आई म्हणाली, "पाळी खंयची आधी? ती गणपती झाल्यावर इली. गोळये मीच दिलंय तिका. गौरी जायसर घेतल्यान."

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गणपतीत अडचण येऊ नये म्हणून आमच्याकडच्या निम्म्या बायका त्या घेतात, केमिस्ट न विचारता देतो, आणि घरातल्या पुरुषांना याचा पत्ता नसतो. माझ्या सबंध पुराव्याचा पाया हाच होता की बायको सात दिवस सोवळ्यात होती. ती होती, कारण गोळ्या खात होती. गौरी-गणपती गेले, गोळ्या थांबल्या, तिसऱ्या दिवशी पाळी आली. चतुर्थीनंतर दहाव्या दिवशी. मी लिहिली होती आठ दिवस आधीची.

"मला सांगायचं तरी," मी आईला म्हटलं.

"तुका कित्याक सांगूचा? तुझो काय संबंध?"

बायकोने बोटांवर मोजलं. "म्हणजे माझे आज साडेपाचच आठवडे झालेत. आणि पिशवीही साडेपाच आठवड्यांची आहे. एवढ्यात ठोके दिसतील कसे?" मग ती माझ्याकडे वळली, आणि आईसमोर पहिल्यांदा 'अहो' सोडून 'तू'वर आली. "दोन खुर्च्या. दोन खुर्च्या लांब होते मी. तुला तोंड नव्हतं?"

होतं. तेच तर दुःख आहे.

आई उठली आणि पीठ काढायला लागली. "उद्या सकाळी मी चाय-भाकरी करतंय. उपाशी कोण खंय जावचा नाय."

सकाळी साडेसातला नर्सिंग होममधून फोन आला, आला नाहीत अजून, बेड अडवून ठेवलाय. मी म्हटलं, तारखेत चूक झालीय, आम्ही पंधरा दिवसांनी परत तपासणार आहोत. पलीकडून डॉक्टरीणबाई स्वतः बोलल्या, "मग तारीख नीट सांगायची आधी," आणि फोन ठेवला. ओव्हरीबद्दल सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते उघडंच राहिलं.

दहा वाजता मी हिंदमाताला पोचलो. रात्रभर मनात भाषण घोटलं होतं. डॉक्टर आत होता, तेव्हा ते सगळं टाइप करणाऱ्यावर सोडलं. माझ्याच वयाचा, चष्मेवाला, सभ्य माणूस. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"ओव्हरीची ओळ ना? ती छापीलच असते," तो म्हणाला. "डॉक्टर काही वेगळं बोलले तर मी बदलतो. नाही बोलले तर दोन्ही नॉर्मल."

"आणि एखादीला एक नसलीच तर?"

"तर पेशंटने सांगायला पाहिजे ना."

"सांगितलंय. फॉर्मवर लिहिलंय. समासात."

त्याने फॉर्म काढला. "हां, आहे की. पण फॉर्म आत कुठे जातो? तो फाइलला असतो. कायद्यासाठी." मग त्याने चष्मा वर केला. "काढून देऊ का ती ओळ? दोन मिनिटांचं काम आहे."

आणि इथे मी माझ्या मूर्खपणाचा कळस केला. म्हटलं, "तारीखसुद्धा चुकलीय, ती पण बदलता येईल?"

"का नाही? खरी सांगा."

मी सांगितली. त्याने दोन-चार बटणं दाबली. खणातून सेंटरचा कोरा कागद काढला, ज्यावर डॉक्टरची सही आधीच केलेली होती. तसा गठ्ठाच होता खणात. मशीनमधून नवा रिपोर्ट सरकत बाहेर आला. तेच फोटो, तेच व्यास, तीच वेळ. फक्त 'वाढ थांबली असण्याची शक्यता' गेली आणि तिथे आलं, 'गर्भाची वाढ तारखेशी जुळते. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी.' उजवी ओव्हरी, शस्त्रक्रियेने काढलेली. डावी नॉर्मल.

"आता बरोबर आहे," मी म्हटलं. खरंच म्हटलं. रकाने सगळे नीट भरलेले होते. तो म्हणाला, "घ्या, दिवाळी आहे," आणि उघड्या खोक्यातली काजूकतली पुढे केली. मी खाल्ली. वर थँक्यू म्हणालो.

जिन्याच्या मधल्या वळणावर ती काजूकतली घशाशी आली. हातात दोन कागद होते. एकाच बाईच्या, एकाच तीन मिनिटांच्या तपासणीचे. कालच्या कागदावर आमचं मूल मेलेलं होतं. आजच्यावर जिवंत होतं. मधे कुणी तिच्या पोटाकडे बघितलंही नव्हतं. एका माणसाने बटणं दाबली, आणि बटणं कुठली दाबायची ते मी सांगितलं. उद्या मी जाऊन म्हटलं असतं की जुळी आहेत, तर त्याने विचारलं असतं, 'का नाही?' आणि वर अजून किती बायका बसल्या होत्या, ज्यांच्या दोन्ही बाजू जागेवर होत्या, ज्यांना त्या ओळीत खोट सापडायची सोय नव्हती. त्या सकाळी सातला उपाशीपोटी निमूट जाणार.

मी खाली गटाराशी थुंकलो. साडीवाल्याने माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. बरोबरच होतं त्याचं.

दिवाळीचे ते बारा दिवस कसे गेले ते विचारू नका. कंदील लागला, पण कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. बायको रोज सकाळी उठून मोरीत उलटी करायची आणि आम्ही मायलेक बाहेर उभे राहून तो आवाज ऐकून खूश व्हायचो. एका सकाळी उलटी झाली नाही, तर आईला घास गेला नाही. दुसरा रिपोर्ट बायकोने वाचलाच नाही. "तो माझा नाही, तुझा आहे," म्हणाली, आणि पिठाच्या डब्याखाली सारला.

बाराव्या दिवशी परळला पालिकेच्या इस्पितळात गेलो. सकाळी सातपासून रांग, बाकावर जागा नाही, भिंतीला पानाचे डाग. मी आत जाऊ लागलो तर दारातल्या मावशींनी हात आडवा घातला, "पुरुष बाहेर." मी बाहेर. हातात दोन्ही रिपोर्टांची फाइल. दार लोटलेलं होतं, नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतलं ऐकू येत होतं.

आत एक तरुण डॉक्टर होती, आवाजावरून रात्रपाळी संपून घरी न गेलेली. तिने आधी तारीख विचारली. बायकोला. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मग तिने विचारलं, "उजव्या बाजूचं ऑपरेशन झालंय का तुमचं? ओव्हरी दिसत नाहीये."

बायको रडायला लागली. अजून ठोक्यांबद्दल एक शब्द झाला नव्हता. मी बाहेर भिंतीला टेकून, मावशींच्या देखत, डोळे पुसले.

"अहो, रडता काय? हलू नका. हे बघा, हे लुकलुकतंय ना, तो ठोका. सात आठवडे दोन दिवस. तारखेशी बरोबर."

थोड्या वेळाने मावशी म्हणाल्या, "जावा आत, बाईंनी बोलवलंय." मी गेलो. गेलो तो फाइल उघडूनच. इतके दिवस पोटात साचलेलं होतं. तो डॉक्टर, ती ओली चादर, छापील ओळ, सह्यांचा गठ्ठा, मिठाईचे खोके, सगळं एका दमात ओकायच्या बेताने मी दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले. डॉक्टरने एक बघितला, दुसरा बघितला, परत पहिला बघितला. तोंडात कडू गोळी फुटावी तसा चेहरा केला.

"एकाच दिवसाचे दोन? आणि ह्याच्यावर हे आठ आठवडे कुठून आले?"

"तारीख मी लिहिली होती," मी म्हटलं.

"तुम्ही? तुम्हाला तारीख विचारली कोणी?"

मी घसा खाकरला. उत्तर तसं लांबलचक होतं, गणपतीपासून सुरू होणारं.

बायको टेबलावरून उतरून ओढणी सारखी करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "यांना कोणी विचारत नाही, डॉक्टर. हे आपणहून सांगतात."